दारातला हार्वेस्टर आणि दारी येणारा

चैत्र लागला की जबलपूरहून पाटण, शहापुरा किंवा सिहोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्या रेंगाळायला लागतात. पुढे अर्धा रस्ता व्यापून एखादा हार्वेस्टर चाललेला असतो. चौदा फुटी कटर सोडवून मागच्या ट्रॉलीवर लांबट बांधलेला, टपावर गाद्यांच्या वळकट्या, बाजूला पाण्याचा ड्रम, गॅसची शेगडी, पाना-पक्कडीची पत्र्याची पेटी. नंबराची पाटी पंजाबची, नाहीतर हरियाणाची. आता मध्य प्रदेशाचीही दिसते. ज्याचा गहू उभा आहे त्याला हे धूड दिसलं की एकच काळजी लागते, आपला नंबर कधी? आणि ज्याच्याकडे तीस-चाळीस एकर आहेत त्याच्या डोक्यात आणखी एक किडा वळवळतो. दरवर्षी यांच्या मागे फिरायचं, हातापाया पडायचं, त्यापेक्षा आपणच एक घेऊन टाकला तर?

घरात चर्चा होते. बँकेचा माणूस येऊन जातो, डीलर चहा पाजतो, मेहुणा म्हणतो घेऊन टाका. या चर्चेत किंमत, अनुदान, हप्ता, सगळं निघतं. निघत नाही ती एकच गोष्ट: हार्वेस्टर घेणारा माणूस शेतीचं अवजार घेत नसतो, तो नवा धंदा उघडत असतो. नांगर घेतला तर तो आपल्या शेतात चालतो. हार्वेस्टर आपल्या शेतात दोन-तीन दिवस चालतो आणि उरलेलं वर्ष दुसऱ्यांच्या शेतांकडे डोळे लावून बसतो.

जबलपूरची जमीन या यंत्राला मानवणारी आहे, हे आधी सांगायला हवं. पाटण, शहापुरा, सिहोरा, मझोली या भागाला हवेली म्हणतात. काळी, भारी, सपाट जमीन. पूर्वी इथले शेतकरी शेताला चहूबाजूंनी मातीचे बांध घालून पावसाचं सगळं पाणी आत कोंडून ठेवत. पावसाळाभर शेताचं तळं झालेलं असे, त्यात तण कुजून जाई, आणि पाऊस सरल्यावर पाणी सोडून त्या ओलीवर गहू, हरभरा, मसूर पेरत. विहीर नको, पाट नको. हवेलीची ही पद्धत शेतीशास्त्राच्या पुस्तकांत गेली, शेतातून मात्र बरीचशी पुसली गेली. १९६४ साली जबलपुरात जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ सुरू झालं, त्याच्या मागोमाग सोयाबीन आलं, पुढे नर्मदेवर बरगीचं धरण झालं आणि कालव्याचं पाणी आलं. पावसाळ्यात शेत कोंडून ठेवण्यापेक्षा खरिपाचं पीक घेणं परवडायला लागलं. आता हवेलीत भात आहे, मटार आहे, गहू आहे आणि गव्हानंतर उन्हाळी मूगही. वर्षाला एक पीक देणारी जमीन तीन पिकं द्यायला लागली. दोन पिकांमधले रिकामे दिवस त्यामुळे संपले, आणि यंत्राची खरी गरज तिथून सुरू झाली.

त्याआधी कापणी माणसं करत. मंडला, डिंडोरी, दमोहच्या डोंगराळ भागातून गोंड कुटुंबं चैतात हवेलीत उतरत. त्यांना चैतुआ म्हणत. बायका, पोरं, भांडीकुंडी, कोंबड्यांसकट बिऱ्हाड यायचं, शेताच्या कडेला पाल पडायचं आणि मजुरी बहुतेक धान्यातच मिळायची. पावसाळ्याची बेगमी करून माणसं परत जात. हार्वेस्टरने शेतकऱ्याचा त्रास वाचवला तसा त्या डोंगरातल्या घरांचा चार महिन्यांचा दाणाही काढून घेतला. काढणीचा खर्च मांडताना ही बाजू कुठल्याच कागदावर येत नाही. मटार तोडायला मात्र अजून माणसंच लागतात, आणि याच जिल्ह्यातल्या कुंडमसारख्या चढउताराच्या तालुक्यात, कोदो-कुटकीच्या लहान वावरांत, चौदा फुटी कटर वळायलाही जागा नसते.

आता हिशेब. पुढचे आकडे गणितापुरते धरलेले आहेत. दरवर्षी आणि गावागणिक ते पुढेमागे होतात, पण गणिताची चाल बदलत नाही.

नवा टायरवाला हार्वेस्टर पंचवीस लाखांचा धरू. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा यंत्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तेवढी किंमत हलकी झाली. यंत्र दहा वर्षांत मोडीत निघतं असं धरलं तर घसारा वर्षाला अडीच लाख. कर्जाचं व्याज सरासरीने दीड लाख. विमा, शेड, हंगामापूर्वीची मोठी डागडुजी मिळून आणखी लाखभर. म्हणजे यंत्र जागेवर उभं असलं तरी वर्षाला पाच लाख खातं. चालायला लागलं की एकरी डिझेल, चालक-मदतनीस, पट्टे-बेअरिंग-पाती आणि गिऱ्हाईक आणून देणाऱ्याचं कमिशन मिळून साडेसातशे रुपये जातात. भाड्याचा दर एकरी दीड हजार धरला तर हाती साडेसातशे उरतात. पाच लाखांना साडेसातशेने भागा. सहाशे सदुसष्ट एकर.

एवढी कापणी झाली की मालक शून्यावर येतो. त्याच्या पुढचा एकर नफ्याचा.

सहाशे सदुसष्ट एकर जबलपुरात एका हंगामात होतात का? सकाळी दंव असतं, ओला काड ड्रममध्ये गुंडाळतो, म्हणून नऊ-दहापर्यंत यंत्र हलत नाही. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणं, ट्रॉलीची वाट बघणं, तुटलेलं पातं बदलणं, विजेच्या लोंबत्या तारांखालून वाट काढणं यांत दिवसाचा चांगला हिस्सा जातो. दिवसाला पंधरा-अठरा एकर झाले तरी चांगलं काम म्हणायचं. गव्हाचा हंगाम एका भागात तीन आठवड्यांचा. हिशेब साडेतीनशे एकरांच्या आसपास येऊन थांबतो. उरलेल्या सव्वातीनशे एकरांसाठी दोनच वाटा राहतात. एक, यंत्र घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात जायचं. दोन, भात, सोयाबीन, मूग ही पिकं धरायची. त्यातही काळ्या ओल्या जमिनीतल्या भाताला टायरचं यंत्र रुततं, तिथे चेनवालं लागतं, आणि ते वेगळं यंत्र, वेगळं कर्ज.

हेच चाळीस एकरांच्या मालकाच्या बाजूने बघा. दीड हजाराने त्याचं काढणीचं भाडं होतं साठ हजार. त्या साठ हजारांची कटकट चुकवण्यासाठी तो वर्षाला पाच लाखांचा खर्च अंगावर घेतो. मध्य प्रदेशात सरासरी धारणक्षेत्र २०१५–१६च्या कृषिगणनेनुसार १.५७ हेक्टर आहे, म्हणजे चार एकरही नाही. म्हणजे या यंत्राचं पोट भरायला असे दीड-पावणेदोनशे शेतकरी धरून ठेवावे लागतात, आणि त्या सगळ्यांचा गहू जवळजवळ एकाच वेळी पिकतो.

अनुदानाने हे गणित सुटतं असं डीलर सांगतो. राज्याच्या कृषी अभियांत्रिकी संचालनालयाची कस्टम हायरिंग केंद्रांची योजना गेली बारा-तेरा वर्षं चालू आहे, केंद्राचं यांत्रिकीकरणाचं उपअभियान २०१४–१५ पासून आहे, आणि २०२० साली आलेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्जावर तीन टक्के व्याजसवलतही मिळते. घेता येईल ते जरूर घ्यावं. पण अनुदानाने यंत्राची किंमत उतरते, गिऱ्हाईक वाढत नाही. उलट एका तालुक्यात अनुदानावर दहा यंत्रं आली की अकराव्याच्या वाट्याचे एकर कमी होतात आणि दर पडतो. महाराष्ट्रात ऊसतोडणी यंत्रांचं नेमकं हेच झालेलं आपण पाहतो आहोत. कोटीच्या घरातलं यंत्र, २०२३च्या योजनेत ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंतचं अनुदान, आणि तरी मालकाचं नशीब ठरतं ते कारखाना किती दिवस चालला, टनाला किती दर मिळाला आणि पावसाने फड किती दिवस ओला ठेवला यावर.

यंत्र घ्यायचं तर आधी एकर बांधून घ्यावेत, हे फार जुनं शहाणपण आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पोलाद रेशनवर होतं. १९४४ साली मॅसी-हॅरिस या कंपनीने सरकारकडे पाचशे जादा कम्बाईन बनवण्याची परवानगी मागितली. ती मिळवण्यासाठी कंपनीने शब्द दिला की ही यंत्रं फक्त दुसऱ्यांची शेतं कापणाऱ्यांनाच विकली जातील, आणि घेणारा प्रत्येक जण किमान दोन हजार एकर कापायचं कबूल करेल. दक्षिणेत गहू आधी पिकतो, उत्तरेला उशिरा. ती यंत्रं टेक्सासकडून कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत पिकाबरोबर सरकत गेली. युद्धाच्या अडचणीतून का होईना, पण यंत्र कोणाच्या हाती द्यावं याचा इतका स्वच्छ नियम पुन्हा कुठे झालेला मला माहीत नाही. आपल्याकडचा डीलर सातबारा बघतो (मध्य प्रदेशात खसरा), बँक तारण बघते. तुम्ही कोणाचे किती एकर कापणार हे कोणी विचारत नाही.

पंजाबच्या टोळ्या हाच सरकता हंगाम जगतात. नाभा, भादसों, बर्नाला या भागात हार्वेस्टरचे कारखाने आहेत, तिथेच सुटे भाग, तिथेच मिस्त्री. मार्चमध्ये यंत्रं खाली उतरतात. होशंगाबाद, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, हरदा, सिहोर इथला गहू आधी येतो, मग जबलपूर, आणि बैसाखीच्या सुमारास त्यांच्या स्वतःच्या गावचा गहू तयार होतो. म्हणजे १० एप्रिल उलटला की चालकाच्या मनाला घराची ओढ लागते. नेमका तेव्हाच पाटणच्या शेतकऱ्याचा उशिराचा गहू उभा असतो. हिवाळ्यात त्याने मटार घेतलेला असतो. मटार निघाल्यावर पेरलेला गहू एप्रिलच्या मध्यावर, कधी त्याही पुढे पिकतो. मटाराने त्याला पैसा दिलेला असतो, पण काढणीच्या बाजारात त्याची बाजू सगळ्यात लंगडी असते. यंत्रं परतीच्या वाटेवर, आभाळात ढग, आणि दर सांगणारा समोरचा.

म्हणून हार्वेस्टरची खरी किंमत एकरी दरात नसते, ती नंबरात असते. दोनशे रुपये वाचवले आणि चार दिवस उशीर झाला, तेवढ्यात एक गारपीट आली तर काय होतं हे २०२३च्या मार्च-एप्रिलने दाखवलं. अवकाळीने गव्हाची चमक गेली, आणि केंद्राला मध्य प्रदेशातल्या खरेदीचे निकष शिथिल करावे लागले. सरकारी खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, आकसलेला-तुटका दाणा ६ टक्क्यांच्या आत. सवलत मिळेल या भरवशावर कोणी गहू भिजवत नाही. रोख पैशांत मोजला तर वेळेवर येणारा हार्वेस्टर स्वस्त हार्वेस्टरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. स्वतःचं यंत्र घ्यावंसं वाटतं ते मुळात या भीतीपोटी, आणि भीती खोटी नाही. पण त्या भीतीवर पंचवीस लाखांपेक्षा हलका उतारा आहे.

तो उतारा म्हणजे आधीच ठरवून ठेवलेला माणूस. जबलपूरकडचे जाणते शेतकरी एकाच टोळीला वर्षानुवर्षं धरून असतात. फेब्रुवारीतच फोन होतो, गावातल्या पंधरा-वीस घरांचे एकर एकत्र सांगितले जातात, यंत्र गावात शिरलं की एका कडेने सुरू करून दुसऱ्या कडेला बाहेर पडायचं असं ठरतं. चालकाला हे सोन्यासारखं, कारण त्याचा रस्त्यावरचा वेळ वाचतो. त्याच्या जेवणाची, रात्री यंत्र उभं करायच्या जागेची सोय गाव करतं. थोडा विसार द्यावा लागतो. दोनशे एकर सलग देणाऱ्या गावाला जो नंबर मिळतो, तो पाच एकरांच्या एकट्याला हजार रुपये जादा देऊनही मिळत नाही. हे काम शेतकरी कंपन्या आणि सहकारी समित्या फार चांगलं करू शकतात. यंत्र विकत न घेता, फक्त एकर गोळा करून. पण कंपनी स्थापन झाली रे झाली की पहिला ठराव होतो तो यंत्रखरेदीचा! आवारात उभ्या यंत्रासमोर फोटो काढता येतो, गोळा केलेल्या एकरांसमोर काढता येत नाही.

२०२० साली या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा झाली. २५ मार्चला टाळेबंदी लागली तेव्हा मध्य प्रदेशातला गहू कापणीला आलेला होता. यंत्रं आणि टोळ्या राज्यांच्या सीमांवर अडकण्याची भीती होती. दोनच दिवसांत गृहमंत्रालयाने काढणीयंत्रांच्या आंतरराज्य वाहतुकीला सूट दिली. त्या वर्षी मध्य प्रदेशाने गव्हाची विक्रमी सरकारी खरेदी केली, सुमारे १२९ लाख टन, आणि पंजाबलाही मागे टाकलं. त्या एका आदेशाला उशीर झाला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज कोणत्याही हवेलीवाल्याला विचारावा.

आता भाडं कसं ठरवावं हे. एकरी की तासाने? तासाने ठरवलं तर चालक निवांत चालतो, कापणी स्वच्छ होते, पण तास वाढतात. एकरी ठरवलं तर तो पळवतो. पळवलेल्या यंत्राच्या पोटात काड जास्त जातो, चाळण्यांवर गर्दी होते आणि दाणे भुशाबरोबर मागून बाहेर पडतात. घासाघीस दरावर होते, नुकसान इथे होतं. चांगल्या शेतात एकरी वीस क्विंटल गहू धरा. त्यातला एक टक्का म्हणजे वीस किलो. २०२५च्या हंगामात केंद्राचा हमीभाव २,४२५ आणि राज्याचा बोनस १७५, असा २,६०० रुपये क्विंटल भाव होता. म्हणजे एक टक्का दाणा सांडला की पाचशे वीस रुपये गेले. तीन टक्के सांडला तर एका एकराचं पूर्ण भाडं मातीत!

सांडलेला दाणा मोजता येतो, आणि त्याला बोटंच पुरतात. एकरी वीस क्विंटलच्या शेतात एका चौरस फुटात साधारण साडेअकराशे दाणे पिकतात. म्हणजे एक टक्का नुकसान सगळ्या शेतावर सारखं पसरलं तर चौरस फुटात अकरा-बारा दाणे. पण यंत्र चौदा फूट रुंद कापतं आणि मागून जेमतेम चार-पाच फुटांच्या पट्ट्यात टाकतं. त्यामुळे त्या पट्ट्यात एक टक्क्याची खूण साधारण पस्तीस दाण्यांची. यंत्राने पहिली दोन-तीन चाकोऱ्या घातल्या की मागे जायचं, भुसा हाताने बाजूला सारायचा, वीतभर बाय वीतभर जागा मोजायची. असे पावणेदोन चौकोन मिळून साधारण एक चौरस फूट होतो. चौरस फुटात शंभर दाणे दिसले तर चालकाला हात दाखवायचा. बहुतेक वेळा वेग थोडा कमी केला, पंख्याचा वारा उतरवला की फरक पडतो. ओंब्या अर्ध्या भरलेल्या खाली पडलेल्या दिसल्या तर ड्रमची गती कमी किंवा खालच्या जाळीचं अंतर जास्त असतं. टाकीत तुटके दाणे जास्त असतील तर उलटं. चालकाला राग येत नाही. कोणी बघतंय हे कळलं की तो आपोआप सावरून चालतो. बांधावर सावलीत खुर्ची टाकून बसणाऱ्या मालकाचं शेत मात्र सगळ्यात वेगाने कापलं जातं.

आणखी एक गोष्ट यंत्राच्या पोटातून येते, आणि तिची किंमत पुढच्या वर्षी कळते. जबलपुरात अधारतालच्या पलीकडे महाराजपूरला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची तणसंशोधनाची संस्था आहे, १९८९ सालची. गव्हातलं सगळ्यात चिवट तण गुल्लीडंडा, म्हणजे गेहूंसा. तो दिसतो गव्हासारखाच आणि पिकतो गव्हाबरोबर. हरियाणात १९९०च्या दशकातच त्याने तेव्हाच्या मुख्य तणनाशकाला दाद देणं सोडलं होतं. हार्वेस्टर एका शेतातून दुसऱ्यात जातो तेव्हा टाकीच्या कोपऱ्यांत, चाळण्यांत, लिफ्टच्या डब्यात किलोकिलोने दाणे आणि तणाचं बी अडकून येतं. आपल्या दारचं पहिलं शेत कापण्याआधी यंत्राची झाकणं उघडून, पंखा रिकामा फिरवून झाडून घ्यायला पंधरा मिनिटं लागतात. बियाण्याचा गहू राखणाऱ्याने तर पहिली पोती बाजूलाच ठेवावीत. हा मुद्दा स्वतःचं यंत्र घेणाऱ्याच्या बाजूचा आहे, हे कबूल करायला हवं. पण ते यंत्र भाड्याने फिरायला लागलं की तो फायदाही गेला.

तिसरा मार्ग उक्तं देण्याचा. जबलपुरात राहून गावची जमीन सांभाळणारे, त्यांत नेपिअर टाऊन, राइट टाऊनकडची काही मराठी घरंही आली, हाच मार्ग धरतात. कापणी, वाहतूक, खरेदीकेंद्रावरचं तोलणं, भुसा, सगळं एका माणसाच्या गळ्यात. अनेक जण तर एक पायरी पुढे जाऊन जमीनच ठेक्याने, तिकडच्या भाषेत सिकमीने, देऊन मोकळे होतात. उक्त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पन्नाशीच्या पुढच्या, मुलं बंगळुरूला असलेल्या माणसाने एप्रिलच्या उन्हात दाणे मोजत हिंडावं अशी अपेक्षाच चूक. पण उक्त्यात एक गोष्ट कागदावर आणून घ्यावी लागते: मागे उभ्या राहिलेल्या धसकटाचं काय?

कारण आता त्याचाच खर्च मोठा आहे. हार्वेस्टर ओंब्या घेतो, खालचा फूटभर काड तसाच उभा ठेवतो. त्याला इकडे नरवाई म्हणतात. पूर्वी ती पेटवून देत. गहू निघाला की दहा दिवसांत मूग पेरायचा असतो, काडेपेटीइतकं स्वस्त अवजार दुसरं कुठलं? मध्य प्रदेश सरकारने १ मे २०२५ पासून नियम कडक केला: नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे पैसे नाहीत, आणि पुढच्या वर्षी हमीभावाने खरेदीही नाही. त्याशिवाय दंड आहेच, जमिनीच्या आकारानुसार अडीच हजार, पाच हजार, पंधरा हजार. दंड परवडतो, खरेदी बंद होणं परवडत नाही. आणि काडी कोणी का लावेना, उपग्रहाला दिसतं ते तुमचं शेत. उक्तं घेणारा पेटवून निघून जातो, नाव खसऱ्यावरच्या मालकाचं लागतं. चाळीस एकरांचं काम तोंडी बोलीवर देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आग न लावता शेत मोकळं करायचे दोन रस्ते आहेत. एक, काड तसाच ठेवून त्यातच पेरणं. जबलपूर जिल्ह्यात बोरलॉग संस्थेचं प्रक्षेत्र आहे. गहू-संशोधक नॉर्मन बोरलॉग यांच्या नावाने २०११ साली उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या भारतातल्या तीन प्रक्षेत्रांपैकी ते एक. तिथे आणि तणसंशोधन संस्थेच्या शेतांवर हॅपी सीडरने उभ्या काडात पेरलेलं पीक बघायला मिळतं. दुसरा रस्ता स्ट्रॉ रीपरचा. ट्रॅक्टरला जोडायचं हे यंत्र उभं धसकट कापतं, त्याचा बारीक भुसा करतं आणि मागच्या जाळीच्या ट्रॉलीत भरतं.

आणि इथे येऊन माझं मत मांडतो. चाळीस एकरांच्या माणसाला काही विकत घ्यायचीच हौस असेल तर त्याने हार्वेस्टर बोलवावा आणि रीपर घ्यावा. रीपर हार्वेस्टरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाच्या किमतीत येतो. ट्रॅक्टर घरचाच असतो, चालकही घरचा. हार्वेस्टर तीन आठवड्यांत निघून जातो, रीपरला मे महिन्यापर्यंत काम असतं, कारण जिथे हार्वेस्टर गेला तिथे रीपर लागतोच. आणि मालाला गिऱ्हाईक जबलपूरच्या वेशीवर आहे. परियट नदीच्या काठाने म्हशींचे मोठमोठे गोठे आहेत. त्यांच्या शेणाने नदी नासली म्हणून त्या डेअऱ्या कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं गाजल्या. त्या हजारो जनावरांना बारा महिने भुसा लागतो. एप्रिलात पडत्या भावाने जाणारा भुसा झाकून ठेवून श्रावणात काढला तर भाव वेगळा असतो. हार्वेस्टरचा मालक गिऱ्हाइकाच्या नंबराला बांधलेला. भुशाच्या मालकाला वाट बघता येते. रीपरचीही धोक्याची बाजू आहे: धसकटात दगड लागून ठिणगी उडाली की वाऱ्यात शेत पेटतं. सोबत पाण्याचा टँकर आणि नांगर जोडलेला दुसरा ट्रॅक्टर तयार ठेवल्याशिवाय शहाणा माणूस रीपर सुरू करत नाही.

मग हार्वेस्टर घ्यावा तरी कोणी? ज्याने पाच-सहा हंगाम दुसऱ्याच्या यंत्रावर काढले आहेत, ज्याला बेअरिंगचा आवाज बदललेला कानाने कळतो, ज्याच्या फोनमध्ये हरद्यापासून सतन्यापर्यंतच्या गावांतले नंबर आहेत, आणि ज्याला मार्च ते मे घरी परतायची घाई नाही त्याने. त्याच्याकडे स्वतःची पाच एकर जमीन असली-नसली तरी चालतं. जबलपूर, कटनी, नरसिंहपूरकडे आता असे स्थानिक मालक तयार झाले आहेत. कोणी ट्रॅक्टरचा मिस्त्री होता, कोणी ट्रक चालवत होता. गव्हाला दोन महिने, मग जूनमध्ये मूग, नोव्हेंबरात जमीन वाळलेली असेल तिथला भात, असं ते वर्षाचं पोट भरतात. मुगाच्या काढणीत मात्र एक वाईट खोड शिरली आहे. मूग एकदम वाळत नाही, हार्वेस्टरला हिरवा पाला चालत नाही, म्हणून काढणीच्या आधी तणनाशक फवारून पीक जाळतात आणि मग यंत्र घालतात. ते विष दाण्यावर राहतं का, यावर राज्यात वाद चालू आहेत. यंत्राच्या मालकाला त्याचं सोयरसुतक नसतं, त्याला सुकलेलं शेत हवं असतं. आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी शेत मोकळं हवं असतं ते शेतकऱ्याला. चार दिवस थांबायची तयारी दोघांपैकी एकाने दाखवली तर फवारणीचा पंप घरीच राहील, पण त्या चार दिवसांचा दर अजून कोणी ठरवलेला नाही.